नामाभाऊच्या तोंडचा सिनेमा

नामाभाऊ ढोलेचं चांगलं मला कधी बघवलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही वाकडं बोललो तर वाचणाऱ्याला नवल वाटायला नको. माणूस वाईट होता असं मुळीच नाही. वाईट असता तर बरंच झालं असतं, चार लोकांत त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. तो सरकारी ग्रामसेवक होता. सौंसर ब्लॉकमध्ये सायकलवर गावोगाव फिरायचा आणि संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला तर काय करायचं, कपाशीवर औषध कधी फवारायचं, हे शेतकऱ्यांना समजावून सांगायचा. मी सौंसरच्या शाळेत इतिहास शिकवायचो. शिक्षण माझं जास्त, वाचन माझं जास्त, आवाजही माझाच बरा. तरीही आम्ही दोघे कुठल्या पारावर सोबत गेलो की लोक त्याच्यासाठी सरकून जागा करायचे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणायचे, "मास्तर, तुमी बी बसा ना जी."

कारण एकच होतं. नामाभाऊनं एक सिनेमा पाहिला होता. आणि चीड येण्यासारखी गोष्ट अशी, की तोच सिनेमा, त्याच दिवशी, त्याच टॉकीजमध्ये, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून मीही पाहिला होता.

सिनेमाचं नाव 'धूप का कुआँ'. हे नाव आता कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. मुंबईत तो कधी लागलाच नाही. कापड रंगवण्याच्या धंद्यातल्या कुणा शौकिनानं तो काढला होता, दिग्दर्शकाचा तो पहिला आणि शेवटचा सिनेमा, आणि काम करणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. सिनेमाच्या धंद्यात आमच्या भागाला तेव्हाही 'सी. पी. बेरार' म्हणत. तो प्रांत मोडून जमाना झाला होता, आम्ही मध्य प्रदेशात आणि नागपूर-अमरावती महाराष्ट्रात गेली होती, पण सिनेमावाल्यांच्या नकाशात आम्ही अजून एकत्र नांदत होतो. त्या सर्किटच्या, म्हणजे त्या टापूच्या, एका वितरकानं एका धार्मिक चित्रपटासोबत हा सिनेमा गळ्यात पडला म्हणून घेतला आणि गोदामात टाकून दिला. एकच प्रिंट होती. वरुडला एका जत्रेतल्या तंबूत ती दाखवली तेव्हा लोकांनी खुर्च्या फेकल्या. मग मुलताईला सकाळचे एकदोन खेळ झाले. आणि मग एक्याऐंशी साली, पोळ्याच्या आठवड्यात, पांढुर्ण्याच्या एका टॉकीजमध्ये जो देवाधर्माचा सिनेमा लागायचा होता त्याचे डबे आमल्याला गाडी बदलताना राहून गेले, आणि मालकानं वितरकाकडून जे मिळेल ते मागवलं. ते हे होतं. पोळा झाला, डबे परत गेले, आणि त्यानंतर 'धूप का कुआँ' कुणी पाहिला नाही. कुणी म्हणतात गोदामाला आग लागली. कुणी म्हणतात फिल्म धुऊन तिच्या बांगड्या झाल्या. ही सगळी माहिती मी जमवली आहे. मॅनेजरला भेटलो, तिकिटं फाडणाऱ्याला भेटलो, सुट्टीत स्वतःच्या खर्चानं अमरावतीला जाऊन आलो. नामाभाऊ कुठेही गेला नाही. त्याला दिग्दर्शकाचं नावही सांगता यायचं नाही.

त्या दिवशी मी पांढुर्ण्याला का गेलो होतो तेही सांगतो. आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. घरात बसवत नव्हतं, त्यामुळे कुणी चल म्हटलं की मी पायात चपला सरकवायचो. नामाभाऊला पांढुर्ण्याच्या ऑफिसात काहीतरी काम होतं. तो म्हणाला, "मास्तर, येता का? काम झालं का मॅटिनी पाहू." असे आम्ही गेलो.

सिनेमा कसा होता? मला विचाराल तर भंपक होता. शहरातला एक कारकून डोंगरातल्या गावी येतो. तिथला एक साधू त्याला कसलं तरी बी खायला देतो, आणि मग अर्धा सिनेमा त्या पोराच्या डोक्यात जे चालतं तेवढंच दाखवतात. आभाळाला तडे जातात. झाडं उठून दुसरीकडे जाऊन बसतात. डफ वाजला की त्यातून लाल-पिवळी कडी निघून हवेत पसरतात. त्या पोराची सावली त्याला सोडून हॉटेलात जाते आणि चहा मागवते. गाव त्याला 'गांजाचा सिनेमा' म्हणत होतं. मध्यंतरातच निम्मं टॉकीज रिकामं झालं. शेवटी दिवे लागले तेव्हा मूठभर माणसं उरली होती, त्यांत आम्ही दोघे.

हा एवढा मामला. माझ्या दृष्टीनं तो तिथेच संपला होता. पण पुढल्या आठवड्यात नामाभाऊ बोरगावला शेतकऱ्यांच्या बैठकीला गेला. बैठकीला कोणीच येत नसे, सरकारी माणसाचं भाषण कोण ऐकतं? जमलेल्या पाचसहा जणांना त्यानं सहज म्हणून हॉटेलात चहा मागवणाऱ्या सावलीची गोष्ट सांगितली. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

सांगण्याची त्याची एक रीत होती. उभ्यानं कधी सांगायचा नाही. पाठीला भिंत किंवा झाडाचं खोड लागायचं. बसल्यावर हातातलं घड्याळ काढून खिशात टाकायचा, पिशवीतून सुपारी काढून दाढेखाली धरायचा आणि मग गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे वळून विचारायचा, "बाबाजी, तुमच्या गावच्या विहिरीले पायऱ्या हायेत का?" म्हातारा सांगेल तशी त्या दिवशी सिनेमातली विहीर व्हायची. मोहगावात ती दगडी पायऱ्यांची असायची. बोरगावात तिच्या काठावर डिझेलचं इंजिन असायचं आणि कारकून ते इंजिन पकडून आत वाकायचा. एका खेड्यात विहीर ढासळली होती, तर तिथे सिनेमातलीही ढासळलेलीच निघाली. मला हे ऐकवत नसे. सिनेमातली विहीर एकच होती आणि ती पुठ्ठ्याची होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण नामाभाऊला हे म्हटलं की तो शांतपणे म्हणायचा, "मास्तर, मी काय फोटो काढून राहिलो का? सांगून राहिलो."

लबाड तर असा, की गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचा. आभाळाला तडा गेला आहे, पोरगा वर पाहतो आहे, आणि हा म्हणणार, "ते पुढं सांगतोच. पण त्याच्या आधी मले हे सांगा, कोणाकोणाच्या झाडाले डिंक निघून राहिला?" लोक घाईघाईनं हात वर करायचे. मग मोरचूद किती, चुना किती, खोडाला कुठपर्यंत मलम लावायचा, हे सगळं तो त्यांच्याकडून दोनदा वदवून घ्यायचा आणि मगच आभाळ पुढे फाटायचं. त्या भागातल्या संत्र्याच्या बागा पाहिल्यात तर खोडांना निळसर पट्टे दिसतील. शाळेत मी अशोकाचे शिलालेख कितीदा शिकवले, पोरांच्या डोक्यात एक ओळ राहिली नाही.

जामसांवलीला तर कहरच झाला. शनिवारी मारुतीच्या दर्शनाला गर्दी असते. नामाभाऊ आपला रांगेत उभा होता. मागच्या कुणीतरी ओळखलं, "हे सिनेमावाले भाऊ होय ना जी?" म्हटलं, आणि थोड्या वेळानं रांग पुढे सरकायचीच थांबली. पुढचे लोक मागे वळून उभे होते आणि मागचे पुढे वाकून. त्यानं हात जोडून म्हटलं, "अजी, आधी देव पाहून घ्या, मी कुठं चाललो?" दर्शन झाल्यावर बाहेर झाडाखाली माणसं त्याची वाट पाहत बसली होती. मीही त्याच रांगेत होतो. मला कुणी ओळखलं नाही. त्या दिवशी मारुतीपुढे उभा राहून मी काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही.

सगळ्यात जास्त लोक ज्यासाठी थांबायचे तो विहिरीत उतरण्याचा भाग. बाकीचं कधी कमी व्हायचं, कधी वाढायचं, पण हा भाग नामाभाऊ दर वेळी सारखा सांगायचा आणि त्या वेळी आवाज खाली घ्यायचा. कारकून विहिरीत डोकावतो. आत पाणी नाही, ऊन भरलं आहे. तो उतरायला लागतो. पायरी उतरली की तो थोडा लहान होतो. मिशी जाते, आवाज जातो, शर्ट ढगळ होतो. तळाला पोचतो तेव्हा तो इवलासा पोरगा झालेला असतो आणि तिथे त्याची माय पाठमोरी बसून हिरवं लुगडं पिळते आहे. लुगडं संपतच नाही. पिळता पिळता सगळी विहीर हिरवी होते. मग माय मागे न वळता म्हणते, "इतका उशीर काहून केला रे?" इथे बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मोठमोठे बाप्ये उगाच बिड्या शोधायला लागायचे.

आणि हे सिनेमात नव्हतं. मी शपथेवर सांगायचो, सिनेमात विहिरीत फक्त पिवळे-हिरवे उजेड फिरतात, फिल्मवर ओरखडे आहेत, आणि मग पोरगा शुद्धीवर येतो. माय नाही, लुगडं नाही. मी हे नामाभाऊच्या तोंडावर, लोकांसमोर म्हणालो आहे. तो नुसता माझ्याकडे पाहायचा आणि सुपारी या दाढेची त्या दाढेखाली करायचा. लोकच माझ्यावर उखडायचे. "मास्तर, तुम्ही झोपले असान," असं एकजण म्हणाला, आणि तेव्हापासून मी झोपलो होतो असंच सगळीकडे झालं.

माझं लग्न ठरलं मोहगावच्या सुशीलेशी. पाहण्याच्या कार्यक्रमात वडीलधारी मंडळी आम्हाला दोघांना बोलायला म्हणून पडवीत सोडून आत गेली. मी काय विचारावं याची जुळवाजुळव करत होतो. तिनंच मान वर केली. डोळे चमकत होते. "तुम्ही नामाभाऊंसोबत होते ना तो सिनेमा पाहायले?" मला वाटलं, चला, शेवटी एकदा तरी या सिनेमाचा उपयोग झाला. मी होय म्हणालो. "मंग सांगा ना!" मी सांगितला. माझ्या मते व्यवस्थित, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठे प्रदर्शित झाला, कुठे नाही, तेही सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "इतकाच?"

लग्न झालं, संसारही चांगला झाला, पण ते "इतकाच?" माझ्या कानातून गेलं नाही. नामाभाऊ घरी आला की सुशीला चहात आलं जास्त टाकायची. एरवी आल्याशिवायच चालायचं.

मग मला त्याची खोड मोडायची संधी मिळाली. त्याच्या सांगण्यात सगळ्या सिनेमावर एक निळी छाया असायची. माणसांचे दात निळे, ऊन निळं, भातही निळा. लोकांना ते फार आवडायचं. मला मात्र ते खटकायचं, कारण निळं मलाही दिसलं होतं, पण वरुडला पाहिलेल्या एकानं मला सांगितलं होतं की सिनेमा पिवळाधमक होता. मी पांढुर्ण्याला जाऊन छडा लावला. त्या टॉकीजला कापडी पडदा नव्हता, चुन्यानं पांढरी केलेली भिंत होती. पोळ्याआधी सगळं गाव घराला चुना मारतं. मालकानंही आपल्या भिंतीला हात मारून घेतला, आणि चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घरी टाकतात तशी नीळ टाकली. टाकणाऱ्याचा हात सैल होता. त्यामुळे त्या आठवड्यात त्या भिंतीवर जे काही दिसलं ते निळंच दिसलं. नंतर लागलेल्या सिनेमातला हनुमानही निळा दिसला, लोकांना वाटलं राम आहे.

मी हे हॉटेलात, भर दुपारी, नामाभाऊ समोर असताना जाहीर केलं. माझ्या मते तो त्याचा शेवटच होता. मग नामाभाऊ खो खो हसायला लागला. त्याला खरंच आनंद झाला होता. "म्हणजे असा निळा सिनेमा साऱ्या दुनियेत फक्त आपल्याकडंच लागला?" तो म्हणाला. "वा मास्तर! हे तं मले माहीतच नव्हतं." हॉटेलवाल्यानं मला चहा दिला, पण नामाभाऊला भजीही दिली. पुढच्या खेपेपासून त्याच्या सांगण्याच्या सुरुवातीला नीळ आणि चुना आला. माझी मेहनत आयती त्याच्या गोष्टीत जाऊन बसली, आणि ती तिथे शोभली. मी घरी येऊन सुशीलेशी उगाच भांडलो.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात नागपूरहून देशकर नावाचा एक तरुण आला. दाढीवाला, खांद्याला झोळी, हातात टेपरेकॉर्डर. हरवलेल्या सिनेमांचा तो अभ्यास करत होता. त्याच्या तोंडून मी 'सायकेडेलिक', म्हणजे नशेत दिसतं तसलं, हा शब्द पहिल्यांदा ऐकला. अशा सिनेमांची परदेशात म्हणे भक्तमंडळं असतात आणि आपल्याकडे 'धूप का कुआँ' एवढा एकच तसा निघाला. तो थेट माझ्या घरी आला होता, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की सौंसरच्या एका मास्तरांकडे सगळी माहिती आहे. माझी छाती फुगली. मी त्याला सगळं सांगितलं. कापड रंगवणारा निर्माता, वरुडचा तंबू, मुलताईचे खेळ, आमल्याला राहिलेले डबे, नीळ, सगळं. त्यानं भराभर लिहून घेतलं, दोनदा "ग्रेट" म्हणाला. सुशीला दारात उभी राहून ऐकत होती. मी मनात म्हटलं, बघ. मग त्यानं वही मिटली आणि विचारलं, "आणि सर, तो सिनेमा सांगणारे एक गृहस्थ आहेत ना? ते कुठे राहतात?"

नामाभाऊला बोलावणं गेलं. तो आला, त्याच्यामागे गल्ली आली. आमच्या अंगणात बसायला जागा उरली नाही. नामाभाऊ भिंतीला टेकला, घड्याळ खिशात टाकलं, सुपारी दाढेखाली धरली. देशकरनं बटण दाबलं. मी बाजेच्या कोपऱ्यावर बसलो होतो.

त्या दिवशी तो जसा बोलला तसा कधी बोलला नव्हता. नीळ झाली, साधू झाला, सावलीनं चहा मागवला, आभाळाला तडा गेला. देशकर टेप विसरून तोंड उघडं टाकून ऐकत होता. आणि कारकून विहिरीच्या काठावर आला तसा नामाभाऊ थांबला. मला वाटलं आता डिंक्या येणार.

"पुढचं यायले विचारा," तो म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मला वाटलं थट्टा करतो आहे. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं, दोघेतिघे हसले.

"नाही जी, खरंच. हे साहेब नागपूरहून आले, टेप करून राहिले, त्यायले खोटं कसं सांगू? हा भाग मी पाह्यलाच नाही. आमचेवाले बीडीओ साहेब घुसले होते ना टॉकीजमधी! मी ड्युटीवर. त्यायनं मले पाह्यलं असतं तं झालंच होतं. मी आपला वाकून बाहेर गेलो अन् पानठेल्याच्या मागं लपलो. साहेब गेले तवा आत आलो, तं विहीर होऊन गेली होती."

"मग इतकी वर्षं...?" देशकरनं विचारलं.

"मास्तरनं सांगितलं मले. परत येताना, बसमधी. मागच्या सीटवर बसलो होतो आपण, मास्तर. पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत तुम्ही तेवढंच सांगत होते. पायऱ्या, ऊन, ते हिरवं लुगडं. सांगता सांगता रडले तुम्ही. बाजूची बाई मले म्हणे, यायले काय झालं? मी म्हटलं, सिनेमा पाह्यला."

मला आधी राग आला. हा खोटं बोलतो आहे, मला चार लोकांत उघडं पाडतो आहे, असंच वाटलं. मी बस आठवून पाहिली. त्या उन्हाळ्यातलं आणि त्या पावसाळ्यातलं मला फारसं काही आठवतच नाही, दिवस नुसते गेले. पण हिरवं लुगडं कुणाचं ते मला माहीत होतं. आमच्या घरी ते दोरीवर वाळायचं आणि त्याच्या खालून वाकून मी शाळेत जायचो.

"तुम्ही कधी बोलले काहून नाही?" मी त्याच्याच बोलीत विचारलं, हे माझं मलाच नंतर लक्षात आलं.

"कसं बोलू जी?" नामाभाऊ म्हणाला. "तुम्ही पहिल्यापासून म्हणत होते का असं नव्हतंच. मले वाटलं, मास्तरले ते आठवायचं नसंल. म्हणून मी तुमचं नाव घेतलं नाही. पण टाकून बी देववलं नाही. जसं सांगितलं होतं तसंच ठेवलं. बाकी सिनेमा मी लय इकडचा तिकडं केला, त्याले हात नाही लावला. फक्त माय बोलते ते तेवढं माह्यं हाये. तुम्ही तिथंच थांबले होते, सौंसर आलं होतं. मले वाटलं कायतरी बोलली असंल ना."

मला वाईट वाटायला हवं होतं, किंवा बरं. मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला हेवा वाटला, आणि तो आधीपेक्षा जास्त होता. इतकी वर्षं मोहगावच्या बायका रडल्या त्या माझ्या शब्दांवर, सुशीला रडली ती माझ्या आईसाठी, आणि त्यातलं माझ्या पदरात काहीच पडलं नव्हतं. माझी वस्तू याच्या घरात नांदत होती आणि माझ्या घरापेक्षा चांगली नांदत होती. मी तिला भंपक म्हणून दाराबाहेर काढली होती, यानं तिला ओट्यावर बसवली होती.

"सर, मग तुम्हीच सांगा ना तो भाग," देशकर म्हणाला आणि टेपरेकॉर्डर उचलून माझ्यापुढे ठेवला.

नामाभाऊ उठला. भिंतीजवळची जागा त्यानं माझ्यासाठी सोडली आणि खाली, पोराबाळांत, मांडी घालून बसला. मी भिंतीला टेकलो. सांगायला लागलो. पाहिलेलं एक अक्षर आठवत नव्हतं, आठवत होतं ते नामाभाऊचंच सांगणं, त्याच जागी थांबणं, तोच खाली घेतलेला आवाज. माझ्या तोंडून ते बेंगरूळ निघत होतं हे मला कळत होतं. मागे कुणीतरी जांभई दिली. एक पोरगं म्हणालं, "नामाभाऊच सांगतात बाप्पा चांगलं," आणि त्याच्या मायनं त्याला चिमटा काढला. मी तरी पायऱ्या उतरत राहिलो. मिशी गेली, आवाज गेला, शर्ट ढगळ झाला. हिरवं लुगडं पिळून पिळून विहीर भरली. आणि तिथे येऊन मी अडलो. "इतका उशीर काहून केला" हे नामाभाऊचं होतं. माझी आई असं म्हणणारी नव्हती. ती काय म्हणाली असती ते मला सुचेना, आणि टेप फिरत होती.

त्यानंतर काही दिवसांतच नामाभाऊची बदली बालाघाटकडे झाली. तो गेला तेव्हा मी सुट्टीत गावाला होतो, भेट झाली नाही ती झालीच नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे तो आहे तो त्या अंगणातला. लोक चुळबुळ करत होते, काही उठलेही होते. तो एकटा मांडीवर कोपरं टेकवून, मान पुढे काढून माझ्याकडे पाहत बसला होता. दाढेखालची सुपारी चावायची विसरला होता. सगळ्या मुलखाला ज्यानं हा सिनेमा दाखवला त्याला तो अजून पाहायचा होता, आणि त्या क्षणी मला त्याचाही हेवा वाटला.

"बोला ना जी मास्तर," तो हळूच म्हणाला. "मी तं बाहेर होतो."